स्टेडियमवरचा सत्यनारायण

आमचं नाशिकचं स्टेडियम तुम्ही पाहिलंय ना? फुटबॉलसाठी बांधलं म्हणतात. मी तिथे द्राक्षांचं प्रदर्शन पाहिलं, सर्कस पाहिली, नणंदेच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकल्या. फुटबॉल तेवढा बघायचा राहिला होता.

दोन हजार सालच्या आसपास आमची मेघा शाळेच्या फुटबॉल संघात होती. रविवारी सामना आणि सरावाला मैदान नाही, म्हणून पोरी अगदी रडकुंडीला आल्या. शेवटी मीच स्टेडियमच्या ऑफिसात गेले.

तिथले कारकून म्हणाले, "खेळायला? मावशी, खेळून गवत खराब होतं. लग्न, सभा, पूजा असं काही असेल तर देतो."

"पूजाच आहे," मी म्हणाले.

खोटं कशाला बोला? शनिवारी गोलच्या जाळीशेजारी चौरंग मांडून खरोखरच सत्यनारायण घातला. गुरुजी पोथी वाचत होते आणि पोरी मैदानभर चेंडूमागे पळत होत्या.

प्रसादाला तिथले मोठे साहेब आले. "वहिनी, या मुली काय करतायत?"

"प्रदक्षिणा घालतायत, साहेब."

"चेंडू लाथाडत?"

"नवसच तसा बोललेय हो."

साहेबांनी भक्तिभावाने हात जोडले. मग मुलींच्या पायांकडे लक्ष गेलं आणि एकदम कडाडले, "अहो, पूजेच्या जागी बूट? आधी काढायला लावा!"

उरलेला सराव पोरींनी अनवाणी केला. साहेब स्वतः बुटांच्या राखणीला बसले, शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन.