चितरीला काम लागलं

हॅलो?… हॅलो… कोण, साळू व्हय? थांब गं, आवाज तुटायलाय. गॅलरीत येते… हां, बोल आता.

व्हय, बानाबाईच बोलायले. दुसरं कोण उचलणार माझा फोन?… बिभीषण झोपलाय अजून, रविवारी सुट्टी असती लेकाला. तू बोल.

काय? हनुमान निघाला? इतक्यात?… कन्नडच्या स्टँडवर हाय व्हय. जीप सुटली नाय ना अजून?… बरं झालं बाई. साळू, पोराला फोन लाव तुझ्या. म्हणावं, मांजर न्यायला येऊ नको.

व्हय, मीच म्हणले होते. मोठी बहीण असून हात जोडले होते तुला, की चितरीला गावाकडं ने, इथं फ्लॅटमधी मरंल ती. सगळं खरं… चिडू नको ना. अगं ऐक… तू आधी ऐक, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

पाय काढल्याचं तुला सांगितलंच होतं. खालच्या गल्लीत कुत्र्यांनी धरली, मागचा पाय गेला… व्हय, तीनच राहिले. पण त्या दिवशी दार कुणी उघडं टाकलं, ते बोलले नव्हते मी तुला.

प्रांजलीनं… आपल्या प्रांजलीनं, माझ्या नातीनं. खेळायला पळाली अन् कडी लावायची राहिली. दहा वर्षांचं लेकरू ते. कुणी रागावलं नाय, साळू. ना बाप रागावला, ना तिची आई शालू. पण पोरगी जी गप्प झाली ती झालीच. मांजरीकडं बघंना, खाली खेळायला जाईना. मांजर फ्रिजमागं अन् पोरगी पांघरुणात. महिनाभर हेच. मी मधी बसलेली. कुणाला उठवू?

अन् चितरीनं काय केलं, ठाव हाय? पोट चाटून चाटून केस काढले सगळे. गुलाबी कातडी दिसायली. खाणं नाय, दिवसभर भिंतीकडं तोंड. म्हणून तर तुला फोन केलता. वाटलं, मोकळ्या रानात तरी जीव रमंल तिचा.

सांगते ना, काय बदललं ते… तुला फोन केला अन् त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला परत दवाखान्यात नेली. जनावरांची डॉक्टरीण हाय, तरणी पोर. तिनं जखम बघितली, पोट बघितलं. म्हणली, आजी, जखम भरलीय. ही कंटाळलीय आता… व्हय, अस्संच म्हणली, कंटाळलीय! मला हसूच आलं. मांजरीला कसला गं कंटाळा, मी म्हणले. तर ती म्हणती, तुम्हाला एका खोलीत बसवून दोन टाइम ताट आणून दिलं, बाकी काहीच काम नाय, तर किती दिवस बसाल?

दोन वर्षं झाली, तेच तर करायले मी इथं.

आं?… नाय, रडत नाय. पुढं ऐक.

मी विचारलं तिला, गावाकडं पाठवू का मग? म्हणली, कुत्रं मागं लागलं तर तीन पायांवर पळून झाडावर चढता येईल का तिला?… तूच सांग, साळू. तुझ्या वाड्यावर चार कुत्रे. मेंढरं राखायला ते लागतातच, त्यांचा काय दोष. पण चितरीला ते ओळखत नायत.

डॉक्टरीण म्हणली, हिला काम द्या. शिकार करून खाणारी जात, हिला ताटलीत वाढू नका, शोधू द्या. अन् मला एकदम आपला बा दिसला डोळ्यापुढं. ती लंगडी मेंढी आठवती?… व्हय, तीच, काळ्या तोंडाची. वाड्यात बांधून पाला टाकला तर तोंड लावायची नाय. मग बा तिला खांद्यावर टाकून रोज नव्या ठिकाणी न्यायचा. तिथं ती आपलं आपण हुंगून खायची. मी विसरूनच गेलते गं.

घरी आले अन् प्रांजलीचं पांघरूण ओढलं. म्हणलं, मला वाचता येत नाय, डॉक्टरीणबाईनं ह्या कागदावर काय लिहून दिलंय ते वाच… कशाचं वाचती! तोंड फिरवलं. मग हळूच म्हणली, आजी, माझ्यामुळं झालं ना? अन् जी रडायला लागली… महिनाभराचं रडली. मी रडू दिलं. पदरानं तोंड पुसलं, म्हणलं, कडी राहिली तुझी, ते खरं. आता वाच.

वाचलं. मग लागलो दोघी कामाला.

अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो ना? त्याच्या खळग्यात उकडलेल्या कोंबडीचे बारके तुकडे ठेवायचे अन् वरून कागदाचे बोळे. हुंगून काढावं लागतं. नायतर खोक्याला भोकं पाडून आत खाऊ लपवायचा. जागा रोज वेगळी. आज पलंगाखाली, उद्या माझ्या घोंगडीच्या घडीत…

पहिल्या दिवशी? काय नाय. फ्रिजमागून हललीच नाय. दुसऱ्या दिवशी कान हलवला. एक कान! तेवढ्यासाठी प्रांजली पळत आली मोरीपर्यंत, मी अंगावर पाणी घेत होते. चौथ्या दिवशी पंजा घातला ट्रेमधी. आम्ही दोघी श्वास धरून दाराआड.

मग काठीला दोरा अन् दोऱ्याला पीस. ते जमिनीवरून असं सरकवायचं, थांबवायचं, परत सरकवायचं. दहाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. अन् शेवटी तिला धरू द्यायचंच. सारखी हुलकावणी दिली तर खेळायचं सोडून देतं जनावर. झालं की दोरा कपाटात, गिळला तर पोट फाडावं लागंल… व्हय बाई, लई नियम हायत. पोरीनं लिहून भिंतीला चिकटवलेत.

बिभीषणनं खिडकीला फळी ठोकली, बाहेरून जाळी. तिथं बसून स्टेशनाच्या पत्र्यावरची कबुतरं बघती ती. मी बी बघते… हस, हस. काल एक जोडी काड्या जमवायली होती, आमची दुपार कधी गेली कळलं नाय.

आधी का नाय सांगितलं?… भरवसा नव्हता गं. रोज फोन हातात घ्यायची अन् ठेवायची. म्हणलं, उद्या परत फ्रिजमागं जाऊन बसली तर कोणत्या तोंडानं सांगू तुला. अजून बी चाटती मधून मधून, खोटं कशाला बोलू. पण पोटावर बारीक लव आलीय. अन् प्रांजली परवा खाली खेळून आली, गुडघा फोडून. शालूनं हळद लावली अन् मुका घेतला गुडघ्याचा.

मग, नको ना न्यायला?… खरंच रागावली नाय?… साळू, तू बी कमाल हाय. अगं, येऊ दे की हनुमानला, जेवून जाईल. पण मांजर नाय मिळायची त्याला—

थांब. काय पडलं गं ते?… शालू! ए शालू, काय सांडलं?… साळू, धर जरा, आत जाते…

अगं बाई! अगं ओट्यावर चढली गं! चितरी! तीन पायांवर ओट्यावर… रश्श्यासाठी हळद लावून ठेवलेल्या कोंबडीतला तुकडा घेऊन पळाली! पातेलं खाली, हळद सगळीकडं… शालू, मारू नको तिला!… नाय, मारत नाय, शालूच हसत खाली बसलीय.

प्रांजली, पलंगाखाली बघ. हाडाचं असंल तर काढून घे, हळू… साळू, ऐकू यायलंय का तुला? ती प्रांजली हाय. हसायली. थांब, फोन तिकडं धरते… ऐकलंस? हां…

ठेवते गं, ठेवते! दोऱ्याच्या कपाटाकडं पळाली चोरटी…