ओली फरशी

उठू नका म्हटलं ना, सर. फरशी ओली आहे. आत्ता पुसलीय, आणि वाळेपर्यंत या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही – मुख्याध्यापकांनाही मी दारात उभं करते, तुम्ही तर चार दिवसांचे पाहुणे. बसा त्या खुर्चीवर, पाय वर घ्या. शिक्षक चहा पिऊन येईपर्यंत मला टेबल पुसायचंय आणि तुमच्या कानावर एक गोष्ट घालायचीय. हे काळं काय, माईक? सकाळी सगळे तोंडापुढे धरत होते तो? – हात काय नाचवता, फोडत नाही मी. माझ्याच हातात धरते, मग तर झालं? सकाळचा तमाशा बघितला मी दारातून. यात बोलायचं आणि तुमच्या त्या काचेच्या फळ्यावर अक्षरं आपोआप उमटायची. मुख्याध्यापकांनी स्वतःचं नाव घेतलं, ते हे एवढं मोठं उमटलं, तर नवरदेवासारखे लाजले.

तर गोष्ट अशी. चहा झाला की एकेका शिक्षकाने त्या फळ्यावर धडा शिकवून दाखवायचा, तुम्ही पास-नापास ठरवणार, आणि नापास होईल त्याचा वर्ग काढून घेणार – खरं ना? खरंच आहे, मुख्याध्यापक व्हरांड्यात बोलत होते. पहिला नंबर पहिलीच्या बाईंचा. तर त्यांना तेवढं सोडा. ताप आहे त्यांना. – मध्ये बोलू नका सर, मी बोलताना कुणी मध्ये तोंड घातलेलं मला खपत नाही, माझ्या नवऱ्याला हे कळायला अर्धा संसार गेला. ताप आहे. बरं, नाहीये ताप. सकाळी तुम्हीच पाहिलंत, ठणठणीत आहेत, खोटं कशाला बोलू. त्यांना यंत्रांचा राग आहे असं धरा. जुनं माणूस, हट्टी, पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार. या वयात काय वळण लावता? पास लिहा आणि सोडून द्या.

माझ्याकडे बघा ना. सारखं माझ्या डोक्यावरून मागे काय बघताय, घड्याळ? वेळ आहे अजून. त्यांचा चहा म्हणजे निम्मा चहा, निम्म्या चहाड्या.

हट्टी तरी कसल्या – गेल्या आठवड्यात हा फळा बसवला तेव्हा स्वतःहून सरावाला उभ्या राहिल्या. बोट लावलं तर पान उडालं, दुसरीकडे लावलं तर गाणं सुरू झालं. पोरं हसली. बाईही हसल्या, पण नंतर मागच्या नळावर तोंड धूत होत्या, धूतच होत्या, मीच शेवटी नळ बंद केला. अहो, त्या काचेला धरायला काही आहे का? खडूच्या फळ्यावर मी दोन खिळे मारून सुतळी ताणून दिलीय. डावं बोट सुतळीवर ठेवायचं, उजव्या हाताने लिहीत जायचं – ओळ सरळ येते, कुणाला पत्ता लागत नाही. काचेवर कुठे खिळा मारू मी? सांगा ना, तुम्ही एवढ्या सगळ्यांना शिकवता. – काय? दिसत नाही असं मी कुठे म्हणाले? मी सुतळीचं बोलले. सुतळी काय, कुणीही बांधेल.

माझी जीभ जळो. आता बोललेच आहे तर ऐका. उजेड-अंधार तेवढा कळतो त्यांना. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, राहिलंय तेही जाणार. आमच्या दोघींत होतं हे, आता तिसरे तुम्ही. – बसा म्हटलं ना, घसरून पडाल, मग मलाच पट्टी बांधावी लागेल.

पोरांचं नुकसान होतं का? होतं, नाही कशाला म्हणू. बाई मोठ्याने वाचायला लावतात, अर्धी पोरं पाठ केलेलं म्हणतात आणि पाटीवर कोंबडा काढलेला असतो. मी खिडकीतून बघते आणि पुढे निघून जाते. माझ्या मुलीला त्यांनीच अक्षर शिकवलं, म्हणून नाही – म्हणूनही असेल. पण घरी कोण आहे त्यांना? एक भाऊ, तोही फोनवरचा. वर्ग गेला की चार भिंतींत बसतील, आणि त्या भिंतीही दिसायच्या नाहीत. तुम्ही वाईट नाही, सर. तोंड बघा कसं पांढरं पडलंय तुमचं. पण तुम्हालाही वर कुणी विचारणारं असेलच, तेव्हा तुम्ही काय लिहाल ते मला कळतं. न कळायला काय झालं. निदान हे तुमच्या तोंडून बाहेर जाऊ देऊ नका. ज्यांच्याबरोबर जन्म काढला त्यांच्यासमोर तरी नको.

आले बघा. थांबा दारात, सगळ्यांनीच थांबा, फरशी – मी म्हणायच्या आधीच थांबलात की. आज सूर्य कुठे उगवला? मास्तर, चष्मा काय सावरताय? बोला ना कुणीतरी. माझ्या मागे काय –

हे. हे सगळं. सुतळी. नळ. सर, हे मघापासून उमटतंय? म्हणून हात नाचवत होता तुम्ही? मग ओरडायचं होतं – कसं ओरडाल, मी तोंड उघडू दिलं नाही. या इकडे. या ओल्यातून, उमटू देत पाय, बंद करा ते. मी चौथी शिकलेय, पण एवढं वाचता येतं मला. घ्या हा माईक, घ्या ना.

कोण? बाई, तुम्ही मागे आहात होय. – काही झालं नाही. सगळे गप्प ते फरशीमुळे, ओली आहे ना. थांबा, हात देते. – फळ्यावर? फळ्यावर काय असणार, बाई.

कोरा आहे.