चार नंबरचं नाव

कुशाबाई : पाटीवर काय लिहिलं व्हतं त्यांनी? परत एकदा सांग.

राजलक्ष्मी : सांगितलं ना आत्या. 'जा' असं लिहिलं होतं.

कुशाबाई : 'जा' लिहायला एवढा येळ लागतो व्हय? पेन्सिल कवाची कुरकुरत व्हती. मला वाचता येत न्हाय, पण ऐकू येतंय.

राजलक्ष्मी : हात थरथरतो आबांचा. घशाचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेत. डॉक्टरांनी महिनाभर एक शब्द बोलायचा नाही म्हणून बजावलंय. तुम्ही आता त्याचा विचार करू नका, भाषण म्हणून बघा. भवानीनगर मागं पडलं. पाच वाजता प्रचार बंद होतो, त्याच्या आत इंदापूरला तुमचं बोलून झालं पाहिजे.

कुशाबाई : भाषण म्हणं. पंचवीस वरसं ह्यांचं राजकारण बघतीय मी. पंचायत समिती झाली, आमदारकी झाली, दोनदा दिल्लीला खासदार म्हणून गेले. ह्यांच्या स्टेजवर बाईमाणसाला कधी खुर्ची टाकली न्हाय. आन आज म्हणं चढ.

राजलक्ष्मी : वेळच तशी आलीय. आबा दवाखान्यातच वारले, असं उठवलंय लोकांनी. ह्यांनी परवा शेळगावला सांगून बघितलं, तर लोक म्हणाले पोरगा मतासाठी खोटं बोलतोय. म्हणून आबांचे जुने कार्यकर्ते रावजीकाका म्हणाले, वहिनींना न्या. त्यांच्या कपाळाचं कुंकू बघितल्यावर कुणी शंका घेणार नाही.

कुशाबाई : 'ह्यांनी' म्हणं. दादासो म्हण की. मला शिकवायला निघालीस, आन तू तरी कुठं नवऱ्याचं नाव घेतीस?

राजलक्ष्मी : सवय लागली तुमच्या घरात.

कुशाबाई : मग मी नुसती उभी राहते. हात जोडते. कुंकू दिसंल सगळ्यास्नी.

राजलक्ष्मी : तेवढ्यानं भागत नाही. मतपत्रिकेवर दोन ठोंबरे आहेत. चार नंबरला आपले, दत्तोबा राम ठोंबरे. आणि पाच नंबरला लोकांचा घोटाळा व्हावा म्हणून मुद्दाम उभा केलेला, दत्तोबा रघू ठोंबरे.

कुशाबाई : हळू बोल. तुझं बी सासरं हायेत ते.

राजलक्ष्मी : हळू बोलून कसं चालेल? बापाच्या नावासकट सांगितलं नाही, तर निम्मी मतं पाच नंबरला जातील. आत्या, एकदा म्हणा. इथं गाडीत मी आणि सिद्धू. सिद्धू ऐकत नाही, तो रस्त्याकडं बघतोय.

कुशाबाई : न्हाय यायचं तोंडात.

राजलक्ष्मी : उखाण्यात घ्या मग. उखाण्यात चालतं ना?

कुशाबाई : उखाण्यात नवऱ्याचं बसंल. सासऱ्याचं कुठं बसवू? आगं, त्या नावापायी जन्मात कुणाला नमस्कार धड घातला न्हाय मी. समोरचा 'राम राम वैनी' म्हणतो... बघ, तुझ्या नादानं निघालं तोंडातनं.

राजलक्ष्मी : निघालं तर निघू दे. त्यात काय झालं?

कुशाबाई : तुला काय झालं वाटणार न्हाय. समोरचा म्हणतो, आन मी नुसती मान हलवते. लोक म्हणत्यात, खासदारीण मिजासखोर झाली. दत्ताच्या... गुरुवारच्या देवाच्या जयंतीला बी नाव न घेता नारळ फोडते. का माहिताय? नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं. माझ्या आईनं सांगितलंय, तिच्या आईनं तिला सांगितलंय. आन ते तिकडं घशाला पट्टी बांधून पडल्यात. आजच घेऊ व्हय मी?

राजलक्ष्मी : असं काही नसतं आत्या.

कुशाबाई : नसतं तर तुझे आबा दिल्लीत काय म्हणाले? दोन वरसांमागं, बायांच्या जागांचा कायदा आला तवा?

राजलक्ष्मी : पाठ आहे मला. 'माझ्या पत्नीनं चाळीस वर्षांत माझं नाव उच्चारलं नाही, म्हणून माझं घर उभं आहे. बायका सभागृहात आल्या तर घरं पडतील.' पेपरात फोटोसकट आलं होतं. आबांनी कात्रण देवघराशेजारी लावलंय. त्याच आबांनी माझा नोकरीचा कॉल परत पाठवला, ठोंबऱ्यांची सून नोकरी करत नाही असं लिहून.

कुशाबाई : मग त्यांच्यासाठी का पळतीयास येवढी?

राजलक्ष्मी : माहीत नाही. राग आहेच. पण चार दिवस तोंड उघडून बोलू बघतात आणि आवाज निघत नाही, ते बघवत नाही मला. सिद्धू, काय झालं रे? का थांबलास?

कुशाबाई : उसाच्या गाड्या अडकल्यात म्होरं. लासुर्णे आलं न्हवं? ही कोण काचंवर मारतीय? आगं, सारजा. आपल्याच भावकीतली, ह्यांची चुलत भावजय. काच खाली घे.

सारजा : आक्का, कपाळ बघू दे तुझं. पदर मागं घे जरा.

कुशाबाई : काय झालं तुला? केस वल्लं का?

सारजा : काय सांगू तुला? सकाळी निरोप आला, भावजी गेले म्हणून. भावकी हाय न्हवं आपली. समद्यांनी डोक्यावरनं पाणी घेतलं. चूल पेटवली न्हाय दिवसभर. पोरंबाळं उपाशी हायेत. सुतक धरलंय आमी.

कुशाबाई : कुणाचं सुतक? जित्या माणसाचं?

सारजा : आमाला काय ठावं? लोकांनी सांगितलं.

कुशाबाई : जा, चूल पेटव आदी. पोरास्नी भाकर घाल. सकाळी दूध प्याले ते, मी माझ्या हातानं पाजलंय. जा. काच लाव, राजलक्ष्मी.

राजलक्ष्मी : आत्या, रडू नका. कुंकू पुसलं जाईल.

कुशाबाई : रडत न्हाय. चीड आलीय. आता खरं सांग, पाटीवर काय लिहिलं व्हतं?

राजलक्ष्मी : 'तिला स्टेजवर न्यायचं नाही. मी मेलो तरी नाही.' एवढं लिहिलं होतं. मी पुसलं, आणि तुम्हाला 'जा' म्हणून सांगितलं. चुकले मी. म्हणाल तर सिद्धूला गाडी फिरवायला सांगते.

कुशाबाई : गप बस जरा. मला इचार करू दे.

राजलक्ष्मी : गाड्या निघाल्या पुढच्या. काय करायचं आत्या? चार वाजत आले.

कुशाबाई : चाळीस वरसं नाव घेतलं न्हाय मी. जपलं. तरी लोकांनी मारलंच की त्यांना. भावकीनं आंघोळी केल्या. मग माझ्या जपण्याचं काय झालं? सिद्धू, दाब गाडी. इंदापूरला चल.

(इंदापूर. सभा संपल्यावर, एसटी स्टँडसमोरचं फोनचं बूथ.)

राजलक्ष्मी : हॅलो, रावजीकाका? आबांच्या खोलीतूनच बोलताय ना? कसे आहेत ते?

रावजी : बरे हायेत, सूनबाई. उठून बसल्यात. पाटी घेऊन सारखं विचारत्यात, ती कुठं गेली. मी काय सांगणार? सभेचं बोला. आपल्या पार्टीची ऑफिशियल शेवटची सभा, मानसं आली का?

राजलक्ष्मी : मैदान भरलं होतं. आत्या माईकपुढं गेल्या आणि परत पायऱ्यांकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता उतरतात. मग म्हणाल्या, 'राम राम.'

रावजी : वहिनी म्हणाल्या?

राजलक्ष्मी : हो. पुरुषांनी सवयीनं राम राम घातला, त्यांना काहीच कळलं नाही. बायकांना मात्र कळलं. पुढच्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावले. मग आत्या म्हणाल्या, 'हे माझ्या सासऱ्यांचं नाव. मेंढरं राखून ज्यांनी लेकाला शाळेत घातलं, त्यांचं. चार नंबरला जो हाय, त्यो त्यांचा लेक. पाच नंबरचा दुसऱ्याचा.' आणि मग आबांचं नाव घेतलं. एकदाच, पण स्पष्ट. म्हणाल्या, 'दिल्लीत सांगितलं व्हतं, बायको नाव घेत न्हाय म्हणून घर उभं हाय. आज घेतलं. घर पडलं का, ते तुमीच येऊन बघा.'

रावजी : आरं देवा. हे साहेबांना मी कसं सांगू?

राजलक्ष्मी : थांबा, आत्या आल्या. स्टेजवरून उतरल्यापासून घाई करतायत, चपला तिथंच राहिल्या. बोला आत्या.

कुशाबाई : रावजी, हायेत न्हवं ते? खरं सांगा.

रावजी : हायेत वहिनी. माझ्यापुढंच बसल्यात.

कुशाबाई : तुमच्या सांगण्यावर भागायचं न्हाय. त्यांना फोनवर बोटानं टिचकी मारायला सांगा.

रावजी : मारली. आली ऐकू?

कुशाबाई : आली. आजून एक.

रावजी : मारली.

कुशाबाई : आता फोन त्यांच्या कानाला लावा. आवो, ऐकताय न्हवं? मी स्टेजवर गेलते. तुमचं नाव घेतलं, तुमच्या वडलांचं बी घेतलं. राजलक्ष्मीला बोलू नका, तिनं खरं सांगितल्यावर बी मी गेले. काय म्हणायचं ते मला म्हणा. पाटीवर लिहा, रावजी वाचतील.

रावजी : वहिनी, लिहित्यात. 'कुणाला विचारून गेलीस?' असं लिहिलंय.

कुशाबाई : कुणाला न्हाय विचारलं.

रावजी : थांबा. पुसलं त्यांनी. परत लिहित्यात.

कुशाबाई : लई येळ लावला. काय लिहिलंय?

रावजी : लिहिलंय, 'कसं घेतलंस? मला ऐकू दे.'

कुशाबाई : राजलक्ष्मी, तू जरा बाजूला हो.

रावजी : वहिनी? हायसा का लाइनवर?

कुशाबाई : हाय. रावजी, फोन परत त्यांच्या कानाला लावा. आन तुमी जरा भाईर जाऊन बसा.