मानेवरच्या गाठी

विद्यापीठाच्या नामांतरावरून मुकुंदवाडीतल्या शेजारणींची तोंडं फिरली होती, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरच्या ओसरीवर मी नंबर लावून बसले होते. देवानं डोळ्याला पापणी दिली, कानाला नाय, म्हणून ऐकलं. नातवाला कडेवर घेतलेली राजाबाई आणि तिची शेजारीण भामाबाई नुकत्याच आतून आल्या होत्या.

"ऐकलंस ना, राजाबाई? डोक्यात खवडे झालेत, म्हणून मानेला गाठी आल्यात. खवडे बरे झाले की जिरतील."

"ऐकलं बाई. आमच्यात मेंढराला गाठ आली की डागतेत. मला वाटलं, पोरालाबी तसंच."

"मेंढराची कातडी अन् ह्याची मान एक हाय का? लोणी हाय नुसतं!"

"विळा लाल झाला व्हता गं. तू पोर उचलून इकडं पळाली नसतीस तर..."

"मागनं केवढ्या शिव्या दिल्यास!"

"देणारच. नामांतरापास्नं बोलचाल बंद, अन् तू थेट माझ्या चुलीपाशी घुसलीस."

"पोर वरडत व्हतं. तुझ्याशी कुठं बोलायचं व्हतं मला?"

"लई बरं झालं घुसलीस. आता चल."

"कुठं?"

"घरी. चुलीत इस्तू असंल अजून. विळा काढते अन् तवा ठेवते."

"तुझे मालक कारखान्यातनं आले असतील, राजाबाई."

"येऊ दे. नातू त्यांचाबी हाय. पहिली भाकरी तुझ्या ताटात, मग त्यांच्या."

"अन् शिव्या?"

"त्या भाकरीसंगं. तोंडाला सवय हाय."