न्यायला कुणी येणार नाही

हॅलो?… हां, बोल. आता हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही, पण फोन वाजायच्या आधीच मला ठाऊक होतं, तूच असणार!… हो, मामाच बोलतोय, दुसरं कोण बोलणार?… काय होतंय?… छातीत?… हं… मुंग्या येतायत… हं… नाही. नाही म्हटलं ना! मी न्यायला येणार नाही.

रड. खुशाल रड. चष्म्याच्या दुकानात आजवर कुणी मेलेलं नाही… सगळे बघतायत? बघू नकोस त्यांच्याकडे. नाहीतरी तुला कुठं दिसतंय! दोरा बांधून बांधून चालवलेला चष्मा, तोही परवा पायाखाली गेला. काल मला कपाट समजून माझ्या अंगावर ओला टॉवेल टाकलास, विसरलीस?… मग! चष्मा तयार आहे म्हणून त्या चष्मेवाल्याचा निरोप आलाय. आत जायचं, नाकावर चढवून बघायचं, घरी यायचं. आधी त्या दाराजवळच्या स्टुलावरून ऊठ.

…मला कसं कळलं म्हणजे? तू नेहमी दाराजवळच बसतेस! सिनेमाला नेलं तरी, लग्नाला नेलं तरी. एक पाय बाहेर.

मी? मी घरी. गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलोय. गुडघा धरलाय… कसला हॉर्न? खिडकी उघडी आहे… अहो, थांबा हो जरा!… तुला नाही गं. शेजारचे आलेत… नाही घ्यायची हो मला, नुसता हात लावून बघतोय!… काही नाही, तू बोल.

सकाळची गोळी घेतलीस?… मग झालं. ती दुसरी? जिभेखालची? ती डॉक्टरीणबाईंनी हळूहळू बंद केली ना? उरलेली पट्टी तूच त्यांच्या टेबलावर ठेवून आलीस. मला केवढ्या तोऱ्यात सांगत होतीस जिन्यात! आता पर्स उपसून काय मिळणार आहे?

अगं, ऐक ना… ऐक आधी… आईला फोन केलास? माझ्या आधी?… काय म्हणाली?… ‘गोळ्यांनीच होतंय’? असं म्हणाली? सख्खी बहीण आहे माझी, पण समोर असती ना, तर ही बादली… स्वतः बीपीची गोळी उशाशी घेऊन झोपते आणि तुला अक्कल शिकवते! मागे तिचंच ऐकून एका दिवसात गोळ्या सोडल्यास. काय झालं? भिंत धरून मोरीपर्यंत जात होतीस. दूधवाल्यानं बेल वाजवली तरी पांघरूण डोक्यावर. पुन्हा सगळं पहिल्यापासून!… नाही, ओरडत नाहीये… हो, ओरडतोय! ओरडणारच! किती दिवस लागले परत दारापर्यंत यायला! आधी उंबरा, मग जिना, मग कोपऱ्यावरचा वाणी. समुपदेशनवाल्या बाई एकेक पायरी आखून देतात, तू रडत रडत चढतेस, आणि आई तिकडे बसून शिडी हलवते!

…स्कूटर? स्कूटर काढणार नाही. त्या बाईंनी मला समोर बसवून काय सुनावलं, ऐकायचंय? म्हणाल्या, ‘मामा, ती घाबरते, फोन करते, तुम्ही स्कूटर काढता. तिला वाटतं, मामा आले म्हणून वाचले. तुमच्या स्कूटरनंच तिला घरात कोंडलंय.’ मला म्हणाल्या! जन्मभर लिफ्टची कामं केली, आख्ख्या कंपनीत माझ्यापुढे आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. आणि ती एवढीशी बाई… संताप झाला नुसता. खरं बोलली ना!

वाढतंय?… वाढू दे. बाई म्हणतात ना, लाट चढते, तशी उतरते. पळालीस की मात्र उद्या दुप्पट… नको, मोजू नकोस श्वास. आमचा जाड्या मिस्त्री सांगितला का तुला कधी? लिफ्ट दुरुस्त करायला गेला आणि दोन मजल्यांच्या मध्ये आतच अडकला. सोबत घोडा… घोडा! खरा! गच्चीवर शूटिंग होतं, तिथं चालला होता. जाड्याला फुटला घाम. छाती धडधड, हात बर्फ, म्हणे मी मेलो! छताची झडप उघडून लोंबकळत वर जायला निघाला. गेला असता तर खरंच मेला असता, खाली आख्खा खड्डा! तर त्या घोड्यानं काय करावं? कॉलर धरली दातात. सोडेचना! जाड्या रडला, शिव्या दिल्या, घोड्याच्या आईबापांचा उद्धार केला. घोडा ढिम्म. आणि हळूहळू जाड्या दमला… धडधड उतरली… शेवटी घोड्याच्या पोटाला टेकून घोरायला लागला. दार उघडलं तर दोघं…

…काय?… घोडा लिफ्टमध्ये मावला कसा?

हां! विचारलंस ना? अगं, ज्याचा जीव चाललाय तो घोड्याची मापं काढत नाही! बघ बरं छाती… कमी आहे? थोडी?… थोडी तर थोडी. हात थरथरतायत? थरथरत्या हातानं जा. काउंटरवाल्याला हातांशी काय करायचंय, त्याला नाक हवंय… उठलीस?… चालतेयस?… बोल त्याच्याशी, मी धरतो फोन…

…अहो, नाही घ्यायची म्हणून किती वेळा सांगू! जरा उभं राहिलं तर काय झिजते का तुमची गादी?…

हं, बोल. घातलास?… कसा आहे?… दांडी टोचते, ते सांग त्याला, वाकवून देईल. लांबचं बघ. पाटीबिटी वाच… हं… दिसतंय सगळं?… रस्त्यापलीकडचंसुद्धा?…

रस्त्यापलीकडचं…

…कोण?… गादीवाल्याच्या दारात?… उशी तोंडापुढं धरून?… अगं, जगात टकले म्हातारे काय थोडे आहेत? मी बादलीत… शर्टाचं बटण वरखाली लागलंय? हॅ, इतक्या लांबून तुला तिथनं माझं बटण…

बरं, ऐक. ऐक ना… न्यायला नव्हतो आलो! नुसता उभा होतो!… हो, बाईंना सांग. सांग जा… खोटारडा? मी?… हळू! हळू बोल, इथपर्यंत ऐकू येतंय! काचेतून सगळे बघतायत तुझ्याकडे!…

काय म्हणालीस?

…‘बघू देत’?

हॅलो?… हॅलो?…