मैदानाच्या पाच फेऱ्या

मी मिसळ नको म्हटलं की तुम्ही रागावताय, म्हणून एकदाच सांगतो.

न्यूझीलंडला फळं भरायच्या कारखान्यात होतो, तवा माझ्यासंगं सामोआ बेटावरचे तिघं गडी होते. सगळे माझ्यासारखेच जाडजूड. त्यातल्या ताविताचा भाऊ शुगरनं गेला, तवापास्नं त्यानं नियम केला. दर शनिवारी वजन करायचं, आणि एकाचं जितकं किलो वाढंल तितक्या फेऱ्या सगळ्यांनी मैदानाला मारायच्या. त्यांच्या गावात एकाचं ओझं सगळ्यांचंच असतंय. माझं वीस किलो उतरलं की.

मग पुतण्याच्या लग्नाला कोल्हापुरात आलो. महिनाभर तांबडा-पांढरा हाणला. शनिवारी बूथवरनं फोन लावला.

ताविता म्हणाला, "किती वाढलं?"

"पाच."

"मग पाच फेऱ्या. तू तिकडं मार, आम्ही हिकडं मारतो."

मी बूथमधनं बाहेर आलो आणि सरळ मिसळ खायला गेलो.

पुढच्या शनिवारी फोन त्याच्या बायकोनं उचलला.

"चौथ्या फेरीत छाती धरून पडला. काल माती दिली," म्हणाली. रडली न्हाय. एवढंच विचारलं, "तुझ्या पाच झाल्या का?"

मी व्हय म्हटलं.