बग्गाचा पट्टा

सुमना : जीप दोनला पालमपूरला परत निघते, बापू. बग्गाला घेतल्याशिवाय मी त्यात चढणार नाही.

बिधिया : परवा खिंड ओलांडायचीय. दोनशे मेंढ्या वर नि कुत्रा तुझ्या दुसऱ्या मजल्यावर. सगळे गद्दी मेंढपाळ हसतील मला.

सुमना : हसू देत. त्याचा मागचा पाय बघा, जमिनीला टेकवतच नाही तो. बर्फात काय करेल?

बिधिया : तीन पायांवर चालेल. मी दोन पायांवर चालतोच की.

सुमना : डॉक्टर म्हणाले, आता चढ बंद.

बिधिया : ते तुझ्या लॅब्रेडॉरचे डॉक्टर. आमच्या कुत्र्यांचं त्यांना काय कळतं?

सुमना : टॉफीला मध्ये आणू नका.

बिधिया : मी कुठं नावं ठेवतोय? गुणी कुत्रा आहे. मागे आलो तेव्हा माझी चप्पल तोंडात धरून आणून दिली. चोर आला तर त्यालाही देईल. आणि नाव टॉफी. बिबट्यानं नुसतं तोंडात टाकायचं.

सुमना : दिवसभर मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?

बिधिया : तोच येऊन बसला. पाहुण्यानं उठ म्हणायचं का?

सुमना : विषय बदलू नका. बग्गाचा मुलगा भालू आहे तुमच्याकडे, तयार झालाय. लोहाराकडून त्याचा खिळ्यांचा पट्टापण आलाय.

बिधिया : भालू आहे. पण गेल्या वर्षी बग्गाला गावात ठेवून बघितलंच ना? तुझ्या आईनं खांबाला बांधला. चौथ्या दिवशी दोर कुरतडून वरच्या कुरणात हजर, पंजे सोलवटलेले. त्यालाच मागं राहायचं नाही, तर मी काय करू?

सुमना : आई म्हणाली, तुम्ही पट्टा गळ्यात तसाच ठेवला होता.

बिधिया : मग? खिळ्यांचा पट्टा काढला नि बिबट्यानं मान धरली तर?

सुमना : आपल्या ओसरीवर?

बिधिया : बिबट्याचं काही सांगता येत नाही.

सुमना : बापू, लहानपणी तुम्हीच सांगायचात. पट्टा चढला की काम सुरू, उतरला की सुट्टी. हिवाळ्यात खाली आल्यावर काढायचात, तेव्हा हा दोन दिवस नुसता झोपून राहायचा. गेल्या वर्षी त्याला कोणी सुट्टी दिली होती? त्याच्या लेखी तो कामावर होता आणि कळप त्याला टाकून निघून गेला. विसरलात का काढायला?

बिधिया : विसरतोय कसला. हात गेला होता कडीपर्यंत. काढवेना.

सुमना : का?

बिधिया : हा खिळा बघ, वाकडा झालाय तो. तू बारावीत होतीस. खिंडीत अवचित बर्फ पडलं, नऊ मेंढ्या मागं राहिल्या. आम्ही म्हटलं, गेल्या. तिसऱ्या दिवशी वर गेलो तर खडकाच्या कपारीत नऊच्या नऊ, आणि हा तोंडाशी आडवा. कान फाटलेला, खिळ्यावर बिबट्याचं रक्त. त्याच मेंढ्यांच्या पैशांवर तू नर्स झालीस, पोरी. अशा कुत्र्याला कोणत्या तोंडानं सांगू, तुझं काम संपलं म्हणून?

सुमना : तसं नका सांगू. तू पुष्कळ केलंस, एवढंच सांगा. मी काही दया म्हणून न्यायला आले नाही. माझ्या घरात जे आहे त्यात त्याचा वाटा आहे.

बिधिया : टॉफी गादीवर लोळेल नि हा दारात पडून राहील. गादीवर बसायचा नाही हा.

सुमना : दारात झोपू दे. दार त्याचंच.

बिधिया : त्याची भाकरी मक्याची, जाड. आणि पहिली त्याची, मग तुमची.

सुमना : माहितीय. मी काय शहरात जन्मले?

बिधिया : कडी गंजलीय. ती पक्कड दे इकडं. बग्गा, इकडं ये. मान वर कर, बाबा. पुष्कळ केलंस. आता सुट्टी.

(पट्टा दगडावर पडल्याचा आवाज.)

सुमना : बघा, बसला.

बिधिया : बसला नाही, झोपला. जीप दोनला म्हणालीस ना?

सुमना : हो. उठवू त्याला?

बिधिया : नको. ड्रायव्हरला सांग, हा उठेपर्यंत थांब. दहा वर्षं मी झोपलो की हा जागा असायचा. आज मी बसतो.